इथे शून्य आलं तर?

विश्वजित साळोखेने तो चेंडू पाहिलाच नाही.

कोल्हापुरातल्या तालमींच्या फुटबॉल लीगचा अंतिम सामना होता. एक-एक अशी बरोबरी, शेवटची सहा मिनिटं आणि तोफखाना तालमीला पेनल्टी. गरुडमाळ तालमीच्या गोलात विश्वजित उभा होता. फटका त्याच्या उजव्या हाताला, कमरेच्या उंचीवर आला. असे फटके तो सरावात हसत अडवायचा. आज तो जागचा हलला नाही. हात अर्धवट पसरून, मान किंचित वाकडी करून समोर काहीतरी शोधत राहिला. चेंडू जाळ्यात जाऊन उसळला. आनंदाच्या भरात तोफखान्याचा एक गडी आत घुसला आणि तोच चेंडू त्याने पुन्हा लाथाडला. तो विश्वजितच्या तोंडावर बसला. विश्वजित गुडघ्यांवर आला, नाकातून रक्ताची धार लागली, तरी त्याचा हात नाकाकडे गेला नाही. तो डोळे चोळत होता.

स्टँडमध्ये त्याची थोरली बहीण उर्मिला फोनवर हे सगळं टिपत होती. शेजारी वडील, आप्पा. तिच्या फोनच्या पडद्यावर एक गोष्ट दिसली होती, जी मैदानावरच्या कुणालाच दिसली नव्हती. तांबड्या रंगाच्या पलीकडचा अवरक्त प्रकाश माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, पण तो जोराचा असला तर कॅमेऱ्याला फिकट जांभळा दिसतो. पडद्यावर विश्वजितच्या चेहऱ्यावर ताटलीएवढा जांभळा डाग होता. समोरचा गडी फटक्यासाठी मागे सरला तेव्हा तो आला आणि गोल झाल्यावर गेला.

तिने चित्रफीत मागे नेऊन पुन्हा पाहिली. तिच्या खांद्यावरून सयाजी पोवारही पाहत होते. ते गरुडमाळचे वस्ताद. विश्वजितला दहाव्या वर्षापासून त्यांनीच घडवलं होतं. जांभळा पट्टा समोरच्या स्टँडमधून, खालच्या रांगेतून येत होता. सयाजींनी कुंपणाची जाळी धरली आणि पलीकडे उडी टाकली. त्यांच्यामागून शंभर-दीडशे माणसं गेली.

पुढचा तासभर उर्मिलाला तुकड्यातुकड्यांनीच आठवत राहिला. तोफखान्याच्या बाजूने तीसेक फोन वर झाले होते. ज्यांच्या डोळ्यांत तो न दिसणारा झोत गेला, त्यांना समोरच्याचा चेहरा दिसेना. मग ज्याच्या अंगावर हात पडेल त्याला ते मारू लागले. एक माणूस खुर्चीच्या पायाने स्वतःच्याच भावाचं डोकं फोडत होता आणि भाऊ त्याचं नाव घेऊन ओरडत होता. शेंगदाणे भाजणाऱ्याची तापलेली कढई कुणीतरी वाळूसकट गर्दीत भिरकावली. झेंड्याचा लोखंडी खांब एकाच्या गळ्यात घुसला. फाटकाशी रेटारेटीत एक जण लोकांच्या पायांखाली गेला आणि वर आलाच नाही. आप्पांच्या खांद्यावर दगड बसला. उर्मिलाने त्यांना बाकाखाली ढकललं आणि स्वतः त्यांच्यावर आडवी पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. हुमेरा बागवान यांनी विश्वजितचे दोन्ही डोळे तपासले. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध तिळाएवढी जागा असते, वाचणं, सुई ओवणं, माणूस ओळखणं हे सगळं त्या जागेचं काम, आणि तीच भाजली आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं. कडेचं दिसत राहील. तो भिंतीला धडकणार नाही, पण ज्याच्याकडे बघेल तिथे त्याला भोक दिसेल. परत येईल का, असं आप्पांनी विचारलं. डॉक्टर नाही म्हणाल्या. वॉर्डात असे आणखी तेवीस जण होते.

किती वेळ उजेड पडला असेल, हे उर्मिलाला हवं होतं. भाजण्यावरून तीन सेकंद तरी, असं डॉक्टरांचं मत होतं. कुठल्याही फोनचा फ्लॅश चारशे मिलिसेकंदांच्या वर, म्हणजे अर्ध्या सेकंदाइतकाही, पूर्ण जोराने चालू राहू शकत नाही, असं उर्मिला म्हणाली.

"मला फोनमधलं कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "भाजलेलं कळतं."

उर्मिलाला फोनमधलं कळत होतं. दहा वर्षं तिचा तोच व्यवसाय होता.

फोनचा फ्लॅश म्हणजे एक एलईडी दिवा आणि त्याला वीज पुरवणारी, मुगाच्या दाण्याहून लहान चिप. चिपला स्वतःची अक्कल नसते. किती वीज सोडायची आणि किती वेळ, हे तिला ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम सांगतो. जगातल्या बहुतेक फोनचे ड्रायव्हर एका मोफत, खुल्या प्रणालीचा भाग असतात. कुणाला त्यात बदल करायचा असेल तर तो एका सार्वजनिक ईमेल-यादीवर पाठवतो. जाणकार तो ओळ न् ओळ वाचतात, शंका काढतात, आणि समाधान झालं की खाली आपलं नाव लिहितात. मी हे वाचलं, एवढाच त्याचा अर्थ. फ्लॅशच्या ड्रायव्हरांखाली गेली सहा वर्षं बहुधा उर्मिला साळोखे हे नाव असे. राजारामपुरीतल्या घरात, स्वयंपाकघरालगतच्या खोलीत बसून ती हे काम करायची.

दोन वर्षांपूर्वी एका फोन कंपनीतल्या अभियंत्याने अकरा बदलांचा गठ्ठा पाठवला होता. नव्या फ्लॅशचं नाव दूरझोत. त्याचं भिंग झोत इतका अरुंद करायचं, की साठ मीटरवरच्या माणसाचाही अंधारात फोटो यावा. पांढऱ्या दिव्याशेजारी दुसरा, अवरक्त दिवा होता. तो अंधारात अंतर मोजायचा. पांढरा उजेड डोळ्यात गेला तर पापणी पाव सेकंदात आपोआप मिटते. अवरक्त उजेड गेल्याचं डोळ्याला कळतच नाही, म्हणून पापणी उघडीच राहते. तेव्हा डोळा वाचवणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे वेळेची मर्यादा.

सातव्या बदलात ती मर्यादा होती. मागितलेला वेळ चारशे मिलिसेकंदांपेक्षा जास्त असेल तर नकार द्या, असं तिथे लिहिलेलं होतं. उर्मिलाने त्या ओळीखाली शंका काढली होती. इथे शून्य आलं तर? शून्य चारशेपेक्षा लहान आहे, म्हणजे ते पुढे जाईल. चिप शून्याचा अर्थ 'मर्यादा नाही' असा तर घेत नाही ना?

दोन तासांत उत्तर आलं. चिपमध्ये स्वतंत्र कुलूप आहे, दिवा ती स्वतःच विझवते, काळजी नको. तिने चिपची माहितीपुस्तिका मागितली. ती गोपनीय आहे, वरून परवानगी आली की पाठवतो, असं तो म्हणाला. शुक्रवार होता, नव्या आवृत्तीत बदल घेणं बंद व्हायला एक दिवस उरला होता, आणि तिच्यासमोर आणखी तीसेक बदल वाचायचे पडले होते. तिने नाव लिहिलं.

तो खोटं बोलला नव्हता. पहिल्या वर्षीच्या चिपमध्ये कुलूप होतं. पुढे कंपनीने त्याच नावाची स्वस्त चिप घेतली, तिच्यात ते नव्हतं, आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्याला हे कुणी सांगितलं नाही. असे तीस कोटी फोन विकले गेले होते.

रुग्णालयातून घरी येऊन उर्मिलाने आपलंच ते वाक्य इंटरनेटवर शोधलं. एका गटात ते सापडलं, चक्क मराठीत. वर तिची शंका तिच्या नावासकट, आणि खाली फोनला शून्य पाठवून दिवा अखंड कसा पेटवायचा याची कृती. टाकणाऱ्याचं नाव होतं धैर्यशील चौगुले.

त्याला ती ओळखत होती. फोनदुरुस्तीचं दुकान चालवणारा, तिशीचा, हुशार माणूस. तोफखाना तालमीचा. चार वर्षांपूर्वी पॉलिटेक्निकमध्ये तिचं भाषण ऐकून तो भेटायला आला होता. एवढा कोड कुठून वाचायला घ्यायचा, असं त्याने विचारलं होतं. आधी शंका वाच, असं तिने सांगितलं होतं. कोड जिथे कच्चा असतो तिथेच कुणीतरी शंका काढलेली असते.

दुरुस्ती एका ओळीची होती. शून्य आलं तरी नकार द्या. उर्मिलाने ती त्याच दुपारी पाठवली आणि संध्याकाळपर्यंत ती स्वीकारली गेली. पण खुल्या प्रणालीतली ओळ लोकांच्या खिशातल्या फोनवर पोचवायचं काम कंपनीचं. पुढच्या अद्ययावतीकरणात पाठवू, सहा आठवडे लागतील, असं कंपनीने कळवलं. जुन्या फोनना पाठवता येणार नव्हतं. वापर चुकीचा झाला, उत्पादन चुकीचं नाही, असंही त्या पत्रात होतं.

सहा आठवडे फार लांब होते. तिसऱ्या दिवशी कुणीतरी पेट्रोल पंपावरच्या दोघांचे डोळे घालवून गल्ला पळवला. पाचव्या दिवशी घाटात एसटीच्या चालकाला रस्त्याच्या मधोमध भोक दिसू लागलं आणि बस दरीत गेली. एकोणीस माणसं मेली. सातव्या दिवशी नाकाबंदीवरच्या एका फौजदाराचे डोळे गेले, आणि त्याने घाबरून झाडलेल्या गोळीने त्याचाच शिपाई पडला. आवाज नाही, उजेड नाही, मारणारा कोण तेही कळत नाही. लोक एकमेकांच्या हातातला फोन पाहून मारायला धावू लागले. महाद्वार रोडवर फोटो काढणाऱ्या एका नवऱ्याला त्याच्या बायकोसमोर जमावाने ठेचलं. त्याचा फोन साधा, जुना होता.

आठव्या दिवशी सयाजी पोवार घरी आले. डावा हात प्लास्टरमध्ये, बरोबर तालमीतले तिघे. विश्वजित खुर्चीत बसला होता, नाकावर पट्टी होती. रविवारी सकाळी आठ वाजता उद्यमनगरातल्या बंद फाउंड्रीच्या आवारात दोन्ही तालमी समोरासमोर येणार आहेत, असं सयाजींनी सांगितलं. स्टेडियमचा हिशेब तिथे पुरा करायचा होता. चाळीस फोन त्यांनीही तयार केले होते, पण ते दहा सेकंदांत तापून बंद पडत. उर्मिलाताईंना यातलं कळतं असं त्यांच्या कानावर आलं होतं. ती नाही म्हणाली. सयाजींनी आवाज चढवला नाही. शनिवारपर्यंत विचार करा, म्हणाले आणि अंगणात जाऊन आप्पांशी बोलत उभे राहिले.

उर्मिला भावासमोर बसली. आठ दिवस तिने ते पोटात ठेवलं होतं.

"त्या दिव्याच्या कोडखाली माझं नाव आहे, विशू. मला शंका आली होती. विचारलंही होतं. मग सोडून दिलं."

विश्वजितने मान एका बाजूला फिरवली. आता तो सगळ्यांकडे असाच पाहायचा, डोळ्याच्या कडेने.

"म्हंजे तुला ते येतंय," तो म्हणाला.

"येतं."

"मग दे की त्यास्नी."

"कुणाचे डोळे घालवायला? तुझे कुणी घालवले हे तरी ठाऊक आहे का तुला?"

"मला आता सगळी सारखीच दिसत्यात, आक्का."

तो हे रागाने म्हणाला नाही. त्यामुळेच ती घाबरली. त्या रात्री जेवताना त्याने ताटातली भाकरी दोनदा चाचपडून शोधली, आणि तिसऱ्यांदा ताट भिंतीवर फेकलं.

शुक्रवारी उर्मिलाने प्रोग्राम लिहायला घेतला. एलईडीच्या पोटात केसाहून बारीक सोन्याची तार असते, वीज तिच्यातूनच जाते. नेहमीच्या पाच-सहा पट वीज एका झटक्यात सोडली तर ती घरातल्या फ्यूजसारखी वितळते. हे इतक्या लवकर होतं की डोळ्याला इजा होण्याइतका उजेड बाहेर पडतच नाही. दिवा कायमचा मरतो. अवरक्त दिवा चालू आहे की मेला हे दुसऱ्या कॅमेऱ्यातून तपासल्याशिवाय कळत नाही, कारण तो डोळ्याला दिसतच नाही. उर्मिलाने याच गोष्टीवर भरवसा ठेवला. झोत वाढवणारा प्रोग्राम म्हणून तिने तो सयाजींच्या हाती दिला. दुसरं नाव घेऊन धैर्यशीलच्या गटातही टाकला. शनिवारी संध्याकाळपर्यंत दोन हजार फोनवर तो उतरवला गेला होता. दोन्ही तालमी मेलेले फोन घेऊन समोरासमोर येतील, फार तर काठ्या चालतील, आणि पोलिसांना ती आधीच कळवेल, असं तिने ठरवलं. आप्पांना तिने सगळं सांगितलं. बऱ्याच दिवसांनी त्यांनी चहा मागून घेतला.

रविवारी सकाळी सव्वासातला तिचा फोन वाजला.

"ताई, धैर्यशील बोलतोय. तुमचा कोड वाचला."

कुठला कोड, असं तिने विचारून पाहिलं.

"नाव दुसरं घातलंय तुम्ही, पण लिहिण्याची ढब ओळखली मी. तार वितळवायची कल्पना चांगली आहे."

त्याने शांतपणे सगळं सांगितलं. त्याच्या तालमीतल्या बहुतेकांनी प्रोग्राम आधीच घेतला होता, त्यांचे दिवे मेले होते. हे आता सांगून त्याला ती माणसं घाबरवायची नव्हती. त्याच्या दुकानातले सहा फोन मात्र शाबूत होते. गरुडमाळकडे एकही नसणार, म्हणजे सहा पुष्कळ झाले. उर्मिलाने त्याला विनवलं. माणसं मरतील, असं ती म्हणाली. स्टेडियमच्या फाटकाशी पायांखाली गेलेला माणूस त्याच्या बायकोचा भाऊ होता, असं त्याने सांगितलं.

"तुम्ही दोन वर्षांपूर्वी असं वाचलं असतं ना, ताई," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

ती बाहेर आली तर विश्वजितची खुर्ची रिकामी होती. अर्ध्या तासापूर्वी सयाजींची माणसं त्याला स्कूटरवरून घेऊन गेली होती. तो आपण होऊन गेला, असं आप्पा म्हणाले. तिने पोलिसांना फोन केला. गाडी पाठवतो, असं उत्तर मिळालं. ती निघाली तेव्हा आप्पांनी खुंटीवरचा निळ्या काचांचा चष्मा काढून तिच्या हातात दिला. तीस वर्षं ते फाउंड्रीत वितळलेलं लोखंड ओतत होते. भट्टीची धग डोळ्यांत जाऊ नये म्हणून तो चष्मा असे, आणि धग म्हणजे अवरक्त प्रकाशच.

"काढू नकोस," एवढंच ते म्हणाले.

ती पोचली तेव्हा ठरल्या वेळेआधीच सुरुवात होऊन गेली होती. निळ्या काचांतून फाउंड्रीचं आवार पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. गरुडमाळची माणसं फोन समोर धरून पुढे सरकत होती आणि समोरच्यांवर काहीच परिणाम का होत नाही हे त्यांना कळत नव्हतं. पडक्या भिंतीच्या आडून सहा जणांनी फोन रोखले होते. बघता बघता गरुडमाळचे गडी थबकू लागले. कुणी डोळे चोळू लागला, कुणी हवेत हात फिरवू लागला. मग तोफखान्याची माणसं पाइप घेऊन त्यांच्यात शिरली.

ती लढाई नव्हतीच. न दिसणाऱ्या माणसांना दिसणारी माणसं मारत होती. पाइप गुडघ्यांवर बसत होते, आणि माणूस खाली आला की डोक्यावर. सयाजींनी एका हाताने दोघांना धरून आपटलं. तिसऱ्याचा पाइप त्यांना दिसला नाही. तो कानाच्या वर बसला आणि ते उभ्याउभ्याच कोसळले. पडल्यावरही त्यांना चार जण मारत राहिले. शेजारी एक गडी रांगत होता आणि आपलेच सांडलेले दात चाचपून गोळा करत होता. उर्मिला ओरडत राहिली. तिचा आवाज तिलाही ऐकू येत नव्हता.

मग तिला विश्वजित दिसला. तो सरळ भिंतीकडे चालला होता. सहाही फोन त्याच्यावर रोखलेले होते आणि तो थांबत नव्हता. झोत जिथे जाळतो ती जागा त्याच्या डोळ्यांत उरलेलीच नव्हती. मान तिरकी करून, कडेच्या नजरेने तो जवळ येत होता. फोनवाल्यांपैकी पाच जण पळाले. एक थांबला. तो फोन हलवत होता, पुन्हा पुन्हा नेम धरत होता, बहुधा फोनच बिघडला असं त्याला वाटलं. विश्वजितने खाली पडलेला बिडाचा, ओतीव लोखंडाचा तुकडा उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला.

तो खाली पडल्यावर विश्वजित त्याच्या छातीवर बसला. उर्मिला धावली. वाटेत पडलेल्या माणसांमुळे तिला पोचायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ तो हात वर जात होता आणि खाली येत होता. तिने मागून त्याच्या गळ्यात हात टाकले. त्याने न बघता वळून मारलं. तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, हात लुळा पडला.

"विशू, मी आहे."

आवाज ऐकून तो थांबला. धापा टाकत, मान फिरवून त्याने तिच्याकडे कडेने पाहिलं.

"आक्का? कोण हाय हा?"

"धैर्यशील."

"कोण धैर्यशील?" त्याने विचारलं.

धैर्यशील चौगुले त्याच दुपारी वारला. सयाजी पोवार आवारातच गेले होते. मेलेल्यांत तालमींचे आणखी दोन गडी होते. पोलिसांच्या गाड्या सगळं थांबल्यावर वीस मिनिटांनी आल्या.

खटला उभा राहायला दीड वर्ष गेलं. तोवर कंपनीने ते फोन परत मागवले होते, आणि नवा कायदाही झाला होता. फ्लॅशच्या वेळेची मर्यादा आता चिपमध्येच कोरलेली असायला हवी, कुठल्याही प्रोग्रामला ती बदलता येता कामा नये. ज्या समितीने तो लिहिला तिच्यात उर्मिलाला बोलावलं होतं. तिच्यावरही प्रोग्राम पसरवल्याचा वेगळा खटला होता, त्यामुळे ती आरोपी म्हणून एका दारातून आणि तज्ज्ञ म्हणून दुसऱ्या दारातून जात असे.

विश्वजितच्या खटल्यात साक्षीदारच नव्हते. आवारात सत्तरएक माणसं होती. गरुडमाळच्यांचे डोळे भाजले होते, आणि तोफखान्याचे तेव्हा भिंतीकडे पाठ करून मारण्यात गुंतले होते. पळालेले पाच जण स्वतःच्या गळ्यात फास नको म्हणून तिथे होतोच कुठे असं सांगत होते. कोणी कोणाला मारलं हे शपथेवर सांगू शकेल असं एकच माणूस होतं. विश्वजितच्या वकिलांनी उर्मिलाला सरळ सांगितलं की तिने काही दिसलं नाही एवढंच म्हटलं तरी तो सुटेल. भट्टीच्या गडद काचा होत्या, कुणी संशय घेणार नाही.

साक्षीच्या आदल्या दिवशी आप्पा तिच्या खोलीत आले. इतक्या महिन्यांत त्यांनी या विषयावर एक अक्षर काढलं नव्हतं.

"तो चष्मा मी दिला तुला," ते म्हणाले. "तुझे डोळे ऱ्हावेत म्हणून दिला. पोराच्या विरोधात बघायला न्हाई."

उर्मिला म्हणाली की धैर्यशीलच्या बायकोचा भाऊ स्टेडियमवर गेला, नवरा फाउंड्रीत गेला, आणि ती बाई रोज कोर्टात येऊन मागच्या बाकावर बसते. साडेतीन वर्षांपूर्वी तिने एकदा दिसलेलं न दिसल्यासारखं केलं होतं. तेच पुन्हा करायला तिला सांगू नये. आप्पा उठून गेले. सकाळी ते तिच्याबरोबर निघाले नाहीत, आधीच एकटे गेले.

तिने सांगितलं. विश्वजित कुठून आला, काय उचललं, कसं मारलं, ते सगळं. त्याआधी तिने आपल्या प्रोग्रामचं सांगितलं, आणि त्याच्याही आधी सातव्या बदलाचं. न्यायाधीशांनी ते या खटल्याशी संबंधित नाही म्हणून नोंदवून घेतलं नाही. चिथावणी आणि अंधत्व ध्यानात घेऊन विश्वजितला दहा वर्षांची शिक्षा झाली. आप्पा निकाल ऐकून बाहेर गेले आणि तिच्यासमोरून जाताना त्यांनी मान वळवली नाही.

कोर्टाच्या वरच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात हवालदारांनी दोन मिनिटं बोलू दिलं. विश्वजित बाकावर बसला होता. जाड झाला होता, दाढी वाढली होती. ती शेजारी बसली. त्याने तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला नाही.

"आप्पा जेवत्यात का?" त्याने विचारलं.

जेवतात, ती म्हणाली.

खाली आवारात वकिलांच्या मोटारी निघत होत्या. त्याने त्या आवाजांकडे कान वळवला.

"तू मोजलं असशील," तो म्हणाला. "तुला सवय हाय. किती मारलं मी त्याला?"

"अकरा."

त्याच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर हळूहळू हलत होती.

"मला तीनच आठवत्यात," तो म्हणाला.

हवालदाराने त्याचं कोपर धरून त्याला उठवलं, आणि जिना आला तशी एकेक पायरी सांगत खाली नेलं.